दगडाची साल

वैनीला जाऊन पाच महिने झाले. मी वाशीमच्या घरात बसून हे लिहितो आहे आणि दिवसाला फार तर अर्धं पान होतं. आयुष्यभर खडकांवर लिहिलं. लाव्हाच्या कोणत्या थरात कोणतं मूलद्रव्य किती आहे, तो थर कुठून आला असावा, हे सांगणारी वाक्यं मला सहज सुचायची. माणसाबद्दल लिहायला घेतलं की हात थांबतो. म्हणून सगळं आयुष्य लिहायच्या भानगडीत मी पडत नाही. आमच्या शेतात विहीर खोदली तेव्हापासूनची दोन-तीन वर्षं तेवढी लिहीन. आधीचं आणि नंतरचं कुणाला हवंच असेल तर ते माझ्या नोकरीच्या कागदांत मिळेल.

आमचं गाव केनवडपासून बैलगाडीनं तासाभरावर. आई मी चार वर्षांचा असताना गेली आणि बापही तिच्यामागं फार राहिला नाही. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचं लग्न झालं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि लग्न होऊन आलेली मुलगी स्वतःच जेमतेम सतरा-अठराची असेल. तिचं नाव पंचफुला. पहिल्या दिवशी तिनं माझं नाक पुसलं, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, जेवले काय तुमी?" नवऱ्याचा भाऊ म्हणून मला ती 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'तू'. हे उलटं नातं शेवटपर्यंत तसंच राहिलं. शेंबडा होतो तेव्हाही भाऊजी आणि विभागप्रमुख झालो तेव्हाही भाऊजी. शाळेतून मार खाऊन आलो की ती म्हणायची, "भाऊजी, कोनत्या गालावर देल्ली? दाखवा." आणि त्या गालाला तेल लावायची.

घरात पुस्तक असं नव्हतंच. वैनीला अक्षर येत नव्हतं, दादाला सहीपुरतं यायचं. मी दिव्याशी वाचत बसलो की ती भाकरी थापता थापता थांबायची, कारण तिला वाटायचं आवाजानं माझी विद्या सांडते. मग मीच म्हणायचो, थाप तू. कळण्याच्या भाकरीचा तो जाड, ओलसर आवाज अजून कानात आहे. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, वर जवसाची चटणी, तेलाची धार. एवढ्या वर्षांत मी देशोदेशी जेवलो. तव्यावरून सरळ ताटात पडलेली ती भाकर मला पुन्हा कुठं मिळाली नाही, आणि आता मिळायचा प्रश्नच उरला नाही.

तिची एक रीत होती. घरातून कुणीही बाहेरगावी निघालं की त्याच्या कपाळाला काहीतरी लागलंच पाहिजे. माणसाला कुंकू, नव्या बैलाला हळद, सासरी परत जाणाऱ्या चुलत नणंदेच्या पेटीलासुद्धा बोट. मोकळ्या कपाळानं कुणी उंबरठा ओलांडला की तिला दिवसभर चैन पडायचं नाही. केनवडच्या बाजाराला जाताना दादा चिडायचा, "अवो, मी लढाईवर चाललो काय?" ती म्हणायची, "बाजारात काय कमी लढाई असते?" आणि बोट टेकवूनच सोडायची.

मी संशोधनाला लागलो त्याच वर्षी दादानं शेतात विहीर काढायला घेतली. माझा विषय आपल्या पायाखालचाच होता. हा सगळा मुलूख थंड झालेल्या लाव्हाच्या थरांचा आहे आणि त्या थरांचं रसायन मला तपासायचं होतं. डोंगरात वर दिसणारा दगड उन्हापावसानं सडलेला असतो. ताजा दगड मिळतो तो नव्या विहिरीत. त्यामुळे दादाची विहीर म्हणजे मला सापडलेला खजिना होता. वरती काळी माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे फुटाण्याएवढ्या भोकांनी भरलेला पोकळ दगड, आणि त्याखाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. मधेच एक हातभर लाल मातीचा पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती ती. सकाळी घण सुरू झाले की आवाज खालून वर यायचा, जणू जमीनच आतून दार वाजवते आहे. दगड वर ओढणाऱ्या यारीचा दोर कुरकुरत वर आला की मी टोपल्यावर वाकायचो. खोदणाऱ्यांचा मुकादम ओरडायचा, "मास्तर, सोनं निंघालं तं आधा हिस्सा मायावाला!" आणि दादा काठावर बसून म्हणायचा, "लोक हिरीतून पानी काढतेत, आमचा बापू गोटे काढून राह्यला. यानं शिकून गोटेच आनले घरी."

वैनीनं दादाच्या जुन्या धोतरांच्या लहान पिशव्या शिवल्या. एका पिशवीत एक दगड, आत चिठ्ठी, वर शाईनं क्रमांक. पिशव्या ओसरीवर रांगेनं ठेवलेल्या असायच्या. एका दुपारी ती माझ्याशेजारी बसली आणि विचारलं, "भाऊजी, तिकडं नेऊन याचं करता काय तुमी?"

मी सांगितलं. आधी दगडाची साल काढायची. पाण्यावर चालणारी करवत असते, तिनं चारही बाजूंनी बाहेरचा भाग कापून टाकायचा. बाहेरचं काहीच ठेवायचं नाही, कारण बाहेर काय काय लागलेलं असेल सांगता येत नाही. मग आतला गाभा फोडायचा, मैद्यापेक्षा बारीक दळायचा, तो आम्लात विरघळवायचा आणि त्यात काय किती आहे ते मोजायचं.

"मंजे दयनच," ती म्हणाली. "जात्यावर बसून मी जे करते तेच. मंग मले काहून नाही देत डिग्री?"

आम्ही दोघंही हसलो. तसं मोकळं हसलेलं मला नंतरचं आठवत नाही.

विद्यापीठातले माझे सर कडक होते. प्रत्येक विद्यार्थ्याची एक वही असायची आणि तीत प्रत्येक नमुन्याचं काय काय केलं ते लिहायचं. साल काढली, धुतला, वाळवला, दळला. न केलेली गोष्ट वहीत केली म्हणून लिहिल्याबद्दल सरांनी त्याच वर्षी एका मुलाला घरी पाठवलं होतं. सर म्हणायचे, आकडा चुकला तर सुधारता येतो, वही खोटी असेल तर काहीच सुधारता येत नाही. मी ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

काळ्या पाषाणाच्या नमुन्यांची साल मी नीट काढली. मांजऱ्याचे नमुने करवतीखाली धरले की ठिसूळ भोकांवरून तुटून त्यांचे तुकडे होत. एकदा त्यातच पातं मोडलं. नवं पातं यायला आठवडा लागणार होता, दिवाळी तोंडावर होती आणि दळलेली भुकटी लांबच्या प्रयोगशाळेला पाठवायची मुदत त्याच शनिवारी संपत होती. मला घरी जायचं होतं. मी मांजऱ्याचे नमुने नुसते पाण्याखाली धरले. काही भोकांत लाल ठिपके दिसले. विहिरीतला लाल मातीचा पट्टा त्यांना लागूनच होता, तीच माती असणार, असं मी ठरवलं आणि होते तसे दळले. वहीत सगळ्यांसमोर एकच ओळ लिहिली: साल काढली. गावी गेलो, चकल्या खाल्ल्या.

निकाल यायला चार महिने लागले. मांजऱ्याच्या थरात शिसं होतं, बाकीच्या थरांपेक्षा कितीतरी पट. सर कागद हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले. मग म्हणाले, एवढं शिसं म्हणजे हा लाव्हा वर येताना खालचा जुना खडक वितळवून आला आहे. इतका जुना खडक आपल्या भागाखाली आहे असं आजवर कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांच्या खोलीत विद्यार्थ्यानं बसायची पद्धत नव्हती. दोन महिन्यांत त्यांनी लेख लिहिला, त्यावर माझं नाव आधी घातलं आणि तो परदेशी पाठवला. मी वसतिगृहात रात्रंदिवस तो लेख वाचायचो. त्या दोन महिन्यांत मला दादाची, वैनीची फारशी आठवण आली नाही, हेही लिहून ठेवतो.

लेखासाठी त्याच थराचे आणखी नमुने हवे होते. उन्हाळ्यात विहीर रुंद करायचं काम निघालं तेव्हा सरांनी मला गावी पाठवलं. पिशव्या भरून ओसरीवर ठेवल्या. सकाळी आंघोळ करून आलो तर वैनी त्यांच्यापुढं बसलेली. एकेक दगड पिशवीतून काढत होती, वाटीत तेलानं कालवलेल्या शेंदरात बोट बुडवून दगडाला टिळा लावत होती, हात जोडत होती, मग पदरानं घासून पुसत होती आणि पुन्हा पिशवीत घालत होती. पुसलेल्या शेंदराचा काळ्या दगडावर माग राहत नव्हता. राहत होता तो फक्त भोकांत.

शेंदूर शिशापासूनच बनतो. हे मला शाळेपासून माहीत होतं.

"वैनी, हे काय करून राह्यली तू?"

"आसरामायचे गोटे हायेत हे," ती म्हणाली. विहिरीतल्या पाण्याच्या देवतांना आमच्याकडं आसरा म्हणतात. "तिच्या घरातून लेकरू परगावाले चाललं, तं त्याचं कपाय मोकयं कसं धाडू? तुमची पिशवी खराब होऊ नये मनून पुसून टाकते मंग."

"मांगच्या खेपीलेही लावला होता?"

"हो. सगयाइले."

मी जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. अडाणी म्हणालो. तुझ्या एका बोटानं माझी सगळी मेहनत मातीत घातली म्हणालो. या घरात शिकलेल्या माणसानं राहूच नये म्हणालो. तिच्यावर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. ती वाटी हातात तशीच धरून बसली होती आणि शेंदराचं तेल तिच्या मनगटावरून ओघळत होतं. आवाज ऐकून दादा गोठ्यातून आला. मी त्याला सांगितलं, हिनं माझ्या दगडांना शेंदूर लावला, माझं सगळं खोटं ठरलं. दादानं तिच्याकडं पाहिलं. "तुले कोनं सांगतलं होतं त्याच्या गोट्याले हात लावाले?" त्यानंही वर्षानुवर्षांत तिच्याशी असा आवाज काढला नव्हता. मी वाट पाहत होतो की ती काहीतरी बोलेल. का वाट पाहत होतो, ते तेव्हा मला कळत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा माझं कपाळ मोकळं होतं. फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा होतो. मागून ती डबा घेऊन चालत आली. डबा दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमीच म्हनले होते, साल काढून टाकतो. बाहीरचं काईच ठेवत नाही म्हनले. मनून लावला मी. मी म्हनलं, आसरामायचंही होते अन् तुमचंही बिघडत नाही. नाईतं नसता लावला."

त्यात तक्रार नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं की हिशेब कुठं चुकला. मी "हं" म्हणालो. गाडी आली, मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर ती अजून तिथंच होती, जणू उरलेलं उत्तर मी खिडकीतून देणार होतो.

त्या प्रवासात मी काय सांगायचं ते पक्कं केलं. लाल ठिपक्यांची गोष्ट सरांना सांगणं भागच होतं, लेख परत घ्यायलाच हवा होता. एवढा प्रामाणिक मी होतो आणि त्याबद्दल स्वतःवर खूषही होतो. पण साल काढली नव्हती हे सांगितलं असतं तर सरांनी वही उघडली असती, आणि मी त्या दुसऱ्या मुलासारखा घरी गेलो असतो, त्याच ओसरीवर. म्हणून मी सांगितलं की घरातल्या बाईनं अडाणीपणानं शेंदूर लावला आणि दगड सच्छिद्र असल्यानं तेलाबरोबर तो गाभ्यापर्यंत मुरला. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी लेख परत मागवला, मला दोष दिला नाही. उलट म्हणाले, खेड्यातून आलेल्या मुलांची ही लढाई आम्हाला कळत नाही. मी मान खाली घालून ऐकलं. पुढं मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, बाकी सगळं मिळालं. सर वारले तेव्हा त्यांच्यावरच्या लेखात त्यांचा वहीचा नियम मीच लिहिला.

गंमत अशी की मी पुढं नमुने स्वच्छ करण्याच्या कामासाठीच ओळखला जाऊ लागलो. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिलं व्याख्यान मी द्यायचो आणि त्यात शेंदराची गोष्ट सांगायचो. गावाकडची एक भाबडी बाई होती, असं. मुलं पोट धरून हसायची. घरातही तीच गोष्ट दादानं घेतली. पहिला राग विरला तसा त्याचा विनोद झाला. लग्नात, बारशात, पाहुणे जमले की तो म्हणायचा, "आमच्या घरवालीनं गोट्याचा देव केला अन् त्या देवानं याले नापास केलं!" सगळे हसायचे. वैनी पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो. एकदोनदा तिनं हसता हसता माझ्याकडं पाहिलं, आणि मी पाण्याचा तांब्या उचलला.

त्या दिवसानंतर मी गावाहून निघालो की ती कुंकवाचा करंडा घेऊन यायची आणि विचारायची, "लावू काय?" मी म्हणायचो, लाव ना. पुढच्या वेळी पुन्हा तेच, "लावू काय?" चाळीस वर्षांत तिनं कधी न विचारता बोट लावलं नाही. मला प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. माझी चूक होती, तुझी नव्हती. मी संशोधनाच्या परिषदांत परक्या भाषेत तासतासभर बोललो आहे.

मागच्या थंडीत ती वाशीमच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. मी रोज डबा घेऊन जायचो. शेवटचे चार दिवस ती शुद्धीवर नव्हती. त्याआधीचे सात दिवस होती.

ती गेल्यावर नवव्या दिवशी गावच्या घरी माणसं बसली होती. सुतकातलं बसणं लांबलं की कुणी ना कुणी गेलेल्या माणसाच्या गोष्टी काढतं, आणि रडणं थोडं हसण्याकडं वळतं. दादा आता ऐंशी पार केलेला, भिंतीला टेकून बसला होता. त्यानं तीच गोष्ट काढली. डोळे पुसत पुसत सांगत होता, "लय साधी होती माही पंचफुला. गोट्याचा देव केला तिनं, अन् देवानं याले..." सगळे त्या वाक्याची वाट पाहत हसायला लागले होते.

मी म्हणालो, "दादा, तिची चूक नव्हती."

कुणाला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं. करवत, मोडलेलं पातं, दिवाळी, वहीतली ओळ, फाट्यावर ती काय म्हणाली आणि मी काय म्हणालो नाही. फार तर पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांचंच होतं ते.

दादा माझ्याकडं वळला. "मंजे आपली चूक नाई हे तिले मालूम होतं."

"हो."

"अन् मी चाळीस वर्सं चारचौघांत हसत राह्यलो तिले. तुयासमोर. तू बी हसला."

"हो."

"हे तिच्यासमोर काहून नाई बोलला तू, बापू?"

बाया आत गेल्या, पुरुष जमिनीकडं पाहत बसले. दादानं कधी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.

"साल काढली असती, तं आत काय निंघालं असतं?"

मी ते नंतर करून पाहिलं होतं. कुणाला न सांगता त्याच थराचा एक दगड मी आठवडाभर बसून, हातानं घासून, गाभ्यापर्यंत नेला होता आणि दळला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "बाकीच्या दगडांसारखाच होता. साधा काळा दगड."

दादानं मान हलवली, भिंतीचा आधार घेत उठला आणि आत बायकांकडं गेला. मला त्याचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येकीला नाव घेऊन तो सांगत होता, "पंचफुलाची काईच चूक नव्हती बरं. आयकलं काय? तिची काईच चूक नव्हती."